बॅटरी संपल्याची खोटी हाकाटी

लिनक्स ह्या प्रणालीवर चालणारा एक जुना लॅपटॉप एका विद्यार्थिनीनें वापरलेला असा विकत घेतला. तिच्या प्रबंधाचें काम चाललें होतें. एके रात्रीं वीज गेली. परंतु बॅटरींत साठ टक्के शिल्लक असल्याचें पडद्याच्या कोपऱ्यांतील चिन्ह दाखवीत होतें, म्हणून ती निश्चिंतपणें टंकीत राहिली. पांच मिनिटेंही झालीं नसतील, तोंच पडद्यावर पाटी उमटली कीं, बॅटरी कमी आहे, यंत्र विजेला जोडावें. पाटी कमी म्हणते आणि चिन्ह साठ म्हणतें. दोहोंपैकीं खरें कोण? तिनें पाटीवर विश्वास ठेवला, लिहिलेलें घाईघाईनें जतन केलें आणि यंत्र मिटून ती अंधारांत बसून राहिली. हा प्रकार तीन-चार वेळां झाल्यावर दुकानदारानें बॅटरी गेली असा निकाल दिला. नवी बॅटरी आली. आठवडाभर बरें चाललें; मग एके दिवशीं पस्तीस टक्के शिल्लक असतांना नव्या बॅटरीबरोबरही तेंच रडगाणें सुरू झालें. शेवटीं कोणा जाणत्यानें त्या पाट्याच बंद करून दिल्या. त्यानंतर महिन्याभरांत बॅटरी एकदां खरोखरच संपली. पाटी अर्थातच आली नाहीं. यंत्र एकाएकीं बंद पडलें आणि जतन न केलेलीं चार पानें गेलीं.

लांडगा आला म्हणून खोटेंच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. लॅपटॉपची गोष्ट तिच्याहून थोडी निराळी आहे. येथें ओरडणारा पोर खोडकर नसतो. एक तर त्याला कोणी चुकीचें सांगितलेलें असतें, किंवा बरोबर सांगितलेल्यावरून त्यानें भलताच निष्कर्ष काढलेला असतो. आणि कधीं कधीं तर तो शेजारच्या कळपाविषयीं ओरडत असतो. ह्या तीन प्रकारांना औषधें तीन आहेत. पोराचें तोंड बांधणें हें त्यांपैकीं एकही नव्हे, आणि दर वेळीं नवा कळप विकत घेणें हेंही नव्हे.

मूळ गैरसमज असा कीं, पडद्यावर दिसणारा टक्का हें थर्मामीटरमधील पाऱ्यासारखें सरळ मोजमाप आहे. वस्तुतः बॅटरींत किती वीज उरली हें थेट मोजण्याचें साधन लॅपटॉपमध्यें नसतेंच. रॉकेलच्या डब्यांत काडी बुडवून तेल कोठपर्यंत आहे तें पाहतां येतें. बॅटरींत काडी बुडविण्याची सोय नाहीं. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे लिथियम-आयन जातीच्या विद्युद्घटांची एक माळ होय. ही जात सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली. आणि योगायोग असा कीं, हेलसिंकी येथील लायनस टॉर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा जगापुढें ठेवला तोही त्याच सालीं. ह्या घटाचें व्होल्टेज पूर्ण भरलेला असतांना सुमारें ४.२ असतें व संपत आला म्हणजे ३ च्या आसपास उतरतें. एवढें ऐकून कोणालाही वाटेल कीं, मग व्होल्टेजवरूनच शिल्लक ओळखावी. परंतु उतार सारखा नाहीं. आरंभीं थोडासा उतार, मग ३.७ च्या आजूबाजूस एक लांबलचक पठार, आणि शेवटीं एकदम कडा, असा तो मार्ग आहे. पठारावर उभे राहून कडा किती दूर आहे हें सांगणें कठीण. शिवाय यंत्रानें जोरानें वीज ओढली म्हणजे घटाच्या अंतर्गत विरोधामुळें व्होल्टेज तेवढ्यापुरतें खालीं बसतें, आणि ओढ कमी झाली म्हणजे पुन्हां वर येतें. घट जितका जुना किंवा जितका थंड, तितकें हें बसणें अधिक.

म्हणून बॅटरीच्या पोटांत एक लहानसा हिशेबनीस बसविलेला असतो. सहस्रांश ओहमच्या हिशेबांत मोजावा लागेल इतका क्षुद्र विरोध प्रवाहाच्या वाटेंत ठेवून, त्यावर पडणाऱ्या सूक्ष्म व्होल्टेजवरून किती वीज आंत आली व किती बाहेर गेली ह्याची तो अखंड नोंद करतो. धान्याच्या कणगीचें उदाहरण घेतल्यास हें लौकर ध्यानांत येईल. कणगीच्या आंत डोकावण्याची सोय नाहीं. पण घालतांना किती पायल्या घातल्या व काढतांना किती काढल्या हें घरधनीण भिंतीवर रेघा ओढून टिपून ठेवते. रेघांवरून ती शिल्लक सांगते आणि ती बहुधा बरोबर असते. मात्र पायली कधीं शिगोशीग भरली जाते, कधीं किंचित् उणी; चार दाणे सांडतात, चार उंदीर नेतात. वर्ष उलटतें तसा रेघांचा व कणगीचा मेळ सुटत जातो, आणि कणगी एकदां तळापर्यंत रिकामी होऊन पुन्हां कांठोकांठ भरल्याखेरीज तो जुळत नाहीं.

बॅटरीच्या हिशेबनिसाचें हेंच आहे. त्याच्या जवळ तीन आंकडे असतात : कारखान्यांतून निघतांना बॅटरींत किती ऊर्जा मावावी असें ठरलें होतें, आज पूर्ण भरल्यावर प्रत्यक्ष किती मावते, आणि ह्या क्षणीं किती उरली आहे. पहिला आंकडा कायमचा. दुसरा बॅटरीच्या वयाबरोबर कमी होत जातो, आणि तो हिशेबनिसाला अनुभवानें शिकावा लागतो. तिसऱ्यास दुसऱ्यानें भागून शंभरानें गुणलें म्हणजे पडद्यावरचा टक्का मिळतो. ज्यांचा लॅपटॉप वर्षानुवर्षें भिंतीच्या विजेला जोडलेलाच असतो, किंवा आयुष्य वाढावें म्हणून जे बॅटरी ऐंशी टक्क्यांवरच थांबविण्याची व्यवस्था करतात, त्यांच्या हिशेबनिसाला तळ किंवा कांठ कधींच दिसत नाहीं. ऐंशीवर थांबविण्याची योजना बॅटरीच्या हिताचीच आहे, तिला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु त्या हिताची किंमत हिशेबाच्या अचूकपणांत मोजावी लागते.

हिशेबनिसाचे आंकडे प्रणालीपर्यंत पोंचतात ते दुभाष्यामार्फत. लॅपटॉपच्या मुख्य फळीवरील एक दुय्यम नियंत्रक ते वाचतो, आणि १९९६ सालीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या ए. सी. पी. आय. नामक ठरीव भाषेंत निर्मात्याचें फर्मवेअर ते लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगतें. ह्या भाषेंत आंकडे दोन मापांत देण्याची मुभा आहे : मिलिवॅट-तास किंवा मिलिअँपिअर-तास. कोणतें माप वापरलें हें सांगणारी एक खूणही बरोबर दिली जाते. दुभाष्यानें खूण एक दिली व माप दुसरें वापरलें, तर काय होईल? ही निव्वळ कल्पना नव्हे. लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेंतील २०१० व २०११ सालच्या कांहीं लॅपटॉपांत, उदाहरणार्थ एक्स २०१ व एक्स २२० ह्यांत, यंत्र बॅटरीवर आहे कीं भिंतीच्या विजेवर आहे ह्याप्रमाणें माप बदलत असे; आणि मिलिअँपिअर-तासांत दिलेले बहुतेक आंकडे चुकीचे असत. दहा हजारांस बॅटरीच्या मूळ व्होल्टेजच्या मिलिव्होल्टांतील आंकड्यानें भागून येणाऱ्या गुणकानें ते सुधारावे लागत. सुमारें अकरा व्होल्टच्या बॅटरीला हा गुणक ०.९ च्या जवळपास पडतो. कर्नल लिहिणाऱ्यांनीं ही दुरुस्ती कर्नलमध्यें कायमची नोंदवून ठेवली आहे. २०१२ च्या मध्यास निर्मात्यानें २०११ च्या यंत्रांसाठीं बायोसची सुधारलेली आवृत्तिही काढली. अशा प्रसंगीं बॅटरी निर्दोष, हिशेबनीस निर्दोष, आणि दोष केवळ दुभाष्याचा. बायोस व कर्नल अद्ययावत् करावे असा जो सरधोपट सल्ला दिला जातो तो पुष्कळांना टाळाटाळीचा वाटतो. पण दुभाषी बदलण्याचा दुसरा मार्गच नाहीं.

येथपर्यंतचा प्रवास आंकड्यांचा झाला. इशारा द्यावयाचा कीं नाहीं हें अद्यापि कोणी ठरविलेलें नाहीं. तें काम बहुतेक लिनक्स प्रणालींत यूपॉवर नांवाची एक सेवा करते. गनोमसारखे डेस्कटॉप तिच्याच शब्दावर विसंबून पाटी दाखवितात. कोणत्या मर्यादेवर काय करावयाचें हें यूपॉवरच्या एका साध्या फाइलींत लिहिलेलें असतें. आजच्या आवृत्त्यांत नेहमींची मांडणी अशी आहे कीं, २० टक्क्यांवर ‘कमी’, ५ टक्क्यांवर ‘अत्यंत कमी’, आणि २ टक्क्यांवर प्रत्यक्ष कृति. जुन्या आवृत्त्यांत हेच आंकडे १०, ३ व २ असे होते. कृति म्हणजे यंत्र अशा निद्रेंत घालणें, कीं काम डिस्कवरही उतरवून ठेवलेलें असेल. परंतु त्यासाठीं डिस्कवर पुरेशी राखीव जागा नसेल तर यंत्र सरळ बंद केलें जातें. कृतीची पायरी गाठल्यावर २० सेकंदांची उसंत मिळते. चार पानें जतन करण्यास ती पुरेशी आहे. मात्र इशारा कोणी पाहिला पाहिजे.

त्याच फाइलींत एक ओळ आहे, आणि विद्यार्थिनीच्या साऱ्या विपत्तीचें मूळ त्या एका ओळींत होतें. निर्णय टक्क्यांवरून घ्यावयाचा कीं उरलेल्या वेळेवरून, हें ती ओळ ठरविते. तेथें ‘ट्रू’ असेल तर टक्के, ‘फॉल्स’ असेल तर वेळ. वेळेच्या मर्यादा सेकंदांत दिलेल्या असतात : १२०० सेकंद, म्हणजे वीस मिनिटें उरलीं कीं ‘कमी’; ३०० सेकंदांवर ‘अत्यंत कमी’; १२० वर कृति. वरवर पाहतां वेळेचा हिशेब अधिक शहाणपणाचा वाटतो. टक्के घेऊन करावयाचें काय, मिनिटें किती उरलीं तें सांगा, असें कोणीही म्हणेल. परंतु उरलेली वेळ काढतात कशी? उरलेल्या ऊर्जेस ह्या घटकेच्या खर्चानें भागून. तिजोरींत तीनशें रुपये आहेत आणि आज लग्नाच्या बाजारांत शंभर गेले. तेवढ्यावरून घर तीन दिवसांत बुडणार असें म्हणणाऱ्या कारकुनाचा हा हिशेब आहे.

विद्यार्थिनीच्या लॅपटॉपची बॅटरी मूळची ४८ वॅट-तासांची होती; वयोमानानें तींत ३० मावत होते. साठ टक्के म्हणजे १८ वॅट-तास. नुसतें टंकलेखन चाललें असतां ८ वॅट लागतात, तेव्हां १८ वॅट-तास सव्वादोन तास पुरावयाचे. पण त्याच वेळीं पडद्याआड सॉफ्टवेअरची कांहीं अद्ययावत् करणी चालली होती, प्रोसेसर पूर्ण जोरांत होता, आणि खर्च ६० वॅटांवर गेला होता. अठरास साठानें भागा : अठरा मिनिटें. वीस मिनिटांची मर्यादा ओलांडली गेली व पाटी उमटली. नवी बॅटरी ४८ वॅट-तासांची. तिचे पस्तीस टक्के म्हणजे १६.८. साठ वॅटांच्या ओढींत ते सतरा मिनिटांहूनही कमी पुरतात. पुन्हां पाटी! दोन्ही वेळां गणित बिनचूक होतें, आणि दोन्ही वेळां निष्कर्ष खोटा होता. कारण ती ओढ पांच मिनिटांत ओसरणारी होती.

असली खोड पूर्वीं पुष्कळच पसरलेली होती. गनोमच्या जुन्या आवृत्त्यांत वेळेवरून धोरण ठरविण्याची एक निराळी कळ असे, आणि बॅटरीवर येतांच धोक्याची पाटी दिसूं लागल्यास ती कळ फिरविणें हा प्रसिद्ध उपाय होता. यूपॉवरच्या कर्त्यांनीं पुढें टक्क्यांचेंच धोरण मूळचें म्हणून ठेवलें. सदोष फर्मवेअरपासून त्यानें थोडें संरक्षण मिळतें असें त्यांनीं त्या फाइलींतच लिहून ठेवलें आहे. घाबरून साऱ्या फाइली जतन करूं लागलें म्हणजे त्या धांदलीनेंच खर्च वाढतो व वेळेचा अंदाज आणखी ढांसळतो, अशी मार्मिक पुस्तीही त्यांनीं जोडली आहे. विद्यार्थिनीच्या यंत्रांत तें ‘ट्रू’ पूर्वींच्या मालकानें कोणत्या उद्देशानें ‘फॉल्स’ केलें हें आतां कळण्यास मार्ग नाहीं.

शेजारच्या कळपाचा प्रकार ह्याहून मौजेचा आहे. यूपॉवर केवळ लॅपटॉपची बॅटरी पाहत नाहीं. बिनतारी माऊस, कळफलक, कानाला लावण्याचे हेडफोन, ज्याच्या पोटांत म्हणून बॅटरी असेल त्या प्रत्येकाची ती विचारपूस करते. माऊसमधील सेल उतरल्याची पाटी लॅपटॉपचीच समजून घाबरणारे कमी नाहींत. पण त्याहून विलक्षण गोष्ट स्पर्शपडद्यांची. कांहीं लॅपटॉपांचा स्पर्शपडदा विशिष्ट लेखणीनेंही लिहितां यावें असा बनविलेला असतो, आणि त्या लेखणीच्या बॅटरीची खबर देण्यासाठीं पडद्याच्या नियंत्रकांत एक रकाना ठेवलेला असतो. लेखणी कधीं विकतच घेतलेली नसते. रकाना मात्र रिकामा राहत नाहीं, त्यांत शून्य किंवा एक असा आंकडा पडून राहतो. लिनक्स तो आंकडा प्रामाणिकपणें वाचतो आणि अस्तित्वांत नसलेल्या लेखणीची अस्तित्वांत नसलेली बॅटरी संपत आल्याचा इशारा देतो! असूसच्या यूएक्स ५५० व एचपीच्या स्पेक्टर एक्स ३६० ह्या मालिकांतील कांहीं यंत्रांच्या एलान बनावटीच्या पडद्यांबाबत हें घडलें, आणि कर्नलमध्यें अशा पडद्यांची नांवनिशीवार यादी करून त्यांच्या बॅटरीकडे दुर्लक्ष करावें असा नियम घालावा लागला. ह्या प्रकारांत सुदैवाची गोष्ट एवढीच कीं, माऊस किंवा लेखणी यंत्राला वीज पुरवीत नसल्यामुळें त्यांच्या इशाऱ्यावरून यंत्र बंद केलें जात नाहीं. भीति वाटते, नुकसान होत नाहीं.

ज्या थिंकपॅडांत एक बॅटरी आंत व एक बाहेर अशा दोन असतात, त्यांचाही येथेंच उल्लेख करावयास हवा. टी ४४० एस पासून टी ४८० पर्यंत अशीं यंत्रें निघालीं व जुन्या बाजारांत तीं पुष्कळ मिळतात. तीं आधीं बाहेरची बॅटरी खर्च करतात. ती पांच टक्क्यांच्या आसपास आली म्हणजे आंतलीकडे वळतात. एखादें छोटें साधन केवळ एकीकडेच पाहत असेल, तर आंतली पूर्ण भरलेली असतांना तें आकांत करतें. दोन टक्क्यांची सरासरी काढणारें साधन मात्र उलट दिशेनें फसवितें. बाहेरची ७२ वॅट-तासांची बॅटरी पांच टक्क्यांवर, आंतली २४ वॅट-तासांची शंभरांवर, सरासरी साडेबावन्न. पण खरी शिल्लक ३.६ अधिक २४, म्हणजे ९६ पैकीं २७.६, एकोणतीस टक्केही नाहीं. टक्क्यांची बेरीज करावयाची नसते हा प्राथमिक शाळेंतला धडा संगणकासही लागू आहे. यूपॉवर स्वतः ऊर्जेची बेरीज करून एकत्र आंकडा देते.

आतां चौकशी कशी करावी तें पाहूं जातां, पहिलें काम म्हणजे पाटी उमटतांच ती मिटवून न टाकतां चिन्हावरचा टक्का पाहून ठेवणें. टक्का भरपूर व पाटी ‘कमी’ अशी विसंगति असेल, तर हिशेबनीस व दुभाषी ह्यांना बहुधा मोकळें सोडावें. दोष निर्णयांत तरी आहे, किंवा पाटी दुसऱ्याच वस्तूची तरी आहे. टक्काच अविश्वसनीय वाटत असेल, तर खालीं उतरावें लागतें.

टर्मिनल उघडून यूपॉवर हें नांव इंग्रजी लहान अक्षरांत टंकावें, एक जागा सोडून आडवी रेघ व डी हें अक्षर लिहावें आणि एंटर दाबावें. यंत्राला ठाऊक असलेली प्रत्येक बॅटरी तपशिलासह समोर येते. तींत ‘पॉवर सप्लाय’ ह्या शब्दांपुढें ‘यस’ असेल ती लॅपटॉपला पोसणारी. ‘नो’ असेल ती माऊस, लेखणी वगैरेंची. ‘वॉर्निंग लेव्हल’ ह्या ओळीवरून कोणाविषयीं ओरड चालली आहे हें तात्काळ कळतें. त्याच आज्ञेनें येणाऱ्या तपशिलांत ‘परसेंटेज’ व ‘कपॅसिटी’ असे दोन टक्के दिसतात आणि नवखा मनुष्य हमखास गोंधळतो. यूपॉवरच्या बोलींत ‘कपॅसिटी’ म्हणजे बॅटरीची प्रकृति : आज मावणारी ऊर्जा मूळच्या किती टक्के आहे तें. कर्नलच्या बोलींत मात्र ‘कपॅसिटी’ म्हणजे ह्या क्षणींची शिल्लक. एकाच घरांत एकाच शब्दाचे दोन अर्थ करण्याचें हें कौतुक कोणाचें असेल तें असो. विद्यार्थिनीच्या जुन्या बॅटरीची यूपॉवरच्या अर्थाची कपॅसिटी साडेबासष्ट होती, आणि तो आंकडा शिल्लक समजून दुकानदारानें बॅटरी पूर्ण भरतच नाहीं असा निर्णय दिला होता.

कर्नलचे कच्चे आंकडे पाहावयाचे असल्यास ते ‘सिस’ ह्या फोल्डरांतील ‘क्लास’ ह्यांत, व त्याच्याही आंत ‘पॉवर सप्लाय’ ह्यांत ठेवलेले असतात. तेथें बहुधा ‘बॅट शून्य’ किंवा ‘बॅट एक’ अशा नांवाखालीं ‘एनर्जी नाउ’, ‘एनर्जी फुल’ व ‘एनर्जी फुल डिझाइन’ ह्या फाइली मिळतात. आंकडे मायक्रोवॅट-तासांत असतात. ३००००००० दिसल्यास तीस वॅट-तास समजावे. कांहीं यंत्रांत ‘एनर्जी’ ऐवजीं ‘चार्ज’ हा शब्द असतो, तेथें माप मायक्रोअँपिअर-तासांचें असतें. तासाभरांत पांच-सहा वेळां हे आंकडे वहींत टिपून घ्यावे. शिल्लक संथपणें उतरत असेल तर हिशेबनीस ठीक चालला आहे. विजेची दोरी काढतांच किंवा यंत्र निद्रेंतून उठतांच आंकडा एकदम उडी मारून मग सावरत असेल, तर संशय दुभाष्यावर घ्यावा. आणि पंधरा टक्के दाखवून आंकडा तेथेंच दीड तास रेंगाळत असेल, किंवा शून्य दाखवूनही यंत्र चालतच राहत असेल, तर कणगींत रेघांपेक्षां जास्त धान्य आहे. मेळ जुळविण्याची वेळ आली.

हा मेळ जुळविण्यास बॅटरी एकदां पूर्ण भरून दोनेक तास तशीच निवूं द्यावी, नंतर यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत ती रिकामी होऊं द्यावी, आणि मग न थांबतां पुन्हां पूर्ण भरावी. रिकामी करतांना अडचण अशी येते कीं, दोन टक्क्यांवर यूपॉवर मध्यें पडून यंत्र निजवितें व तळ कधीं गांठलाच जात नाहीं. यास्तव यंत्र सुरू करतांना बायोसच्या पानावर जाऊन तेथेंच तें उघडें ठेवावें. तेथें लिनक्स नाहीं, यूपॉवर नाहीं, बिघडण्याजोगी फाइलही नाहीं. ह्या क्रियेनें बॅटरीची शक्ति वाढते अशी समजूत आहे ती निराधार आहे. फायदा हिशेबाला होतो. बॅटरीला उलट थोडी झीजच सोसावी लागते. म्हणून ती दर महिन्याला करण्याचें प्रयोजन नाहीं, आंकडे खोटे बोलूं लागल्यावर करावी.

निर्णयाचा दोष असल्यास ईटीसी ह्या फोल्डरांतील यूपॉवरची फाइल प्रशासकाच्या अधिकारानें उघडून, टक्के कीं वेळ हें ठरविणाऱ्या ओळींत ‘ट्रू’ लिहावें व सेवा पुन्हां सुरू करावी. मर्यादा बदलावयाच्या असल्यास त्या उतरत्या क्रमानें असल्या पाहिजेत : कमी, त्याहून कमी, सर्वांत कमी. क्रम चुकला कीं यूपॉवर लिहिलेलें सारें बाजूस ठेवून आपलेच मूळचे आंकडे वापरते, आणि बदल केला तरी कांहीं होत नाहीं म्हणून माणूस डोकें खाजवीत बसतो. कृतीच्या जागीं ‘कांहीं करूं नये’ असें लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. अलीकडच्या आवृत्त्यांत तें धोक्याचें मानून, निराळी स्पष्ट परवानगी लिहिल्याशिवाय तो पर्याय स्वीकारलाच जात नाहीं. हा कडकपणा योग्यच म्हणावा लागेल.

आतां जो इशारा खोटा वाटतो पण खोटा नसतो त्याविषयीं. तीस टक्के दाखवीत असतां यंत्र अचानक बंद पडतें, विजेला जोडून सुरू केल्यास पुन्हां तीसच्या जवळपास दाखवितें, हें लक्षण वरच्या सर्वांहून निराळें आहे. येथें ऊर्जा शिल्लक असते, पण जुन्या घटाचा अंतर्गत विरोध इतका वाढलेला असतो कीं, मोठी ओढ पडतांच व्होल्टेज कड्याखालीं कोसळतें आणि बॅटरीतील रक्षक-मंडल वाट तोडून टाकतें. फाइलींतील कोणतीही ओळ बदलून हा रोग जात नाहीं. बॅटरीच बदलावी लागते. तसेंच लॅपटॉपचें पोट फुगलेलें दिसलें, कळफलक वर उचलला गेला किंवा तळ टेबलावर सपाट बसेनासा झाला, तर आंकड्यांची चौकशी तेथेंच सोडून यंत्र बंद करावें व तें पुन्हां विजेला जोडूं नये. फुगलेला लिथियम घट दाबला अगर टोचला गेल्यास पेटूं शकतो.

विद्यार्थिनीच्या लॅपटॉपांतील ‘फॉल्स’ पुसून ‘ट्रू’ लिहिण्यास दोन मिनिटें पुरलीं. बंद केलेल्या पाट्या पुन्हां चालू केल्या, आणि डिस्कवरील राखीव जागा वाढवून दिली, म्हणजे निद्रेच्या वेळीं काम उतरवून ठेवण्यास जागा राहील. कुतूहल म्हणून कपाटांत टाकलेली जुनी बॅटरी पुन्हां बसवून पाहिली. नुसत्या टंकलेखनाला ती जवळजवळ पावणेचार तास पुरली, आणि शेवटच्या पंचमांशावर आल्यावर पाटी आली. नवी बॅटरी दुकानदारानें परत घेतली नाहीं.